शंभर चौरस किलोमीटरमागे ४.८

रसग्रहण कवितेचे होते, कथेचे होते, अभंगांचे तर पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. शोधनिबंधाच्या वाट्याला ते येत नाही. त्याचा निष्कर्ष तेवढा सांगितला जातो, एखादा आकडा बातमीत येतो आणि मूळ लेखन तज्ज्ञांपुरते उरते. पण काही शोधनिबंध सावकाश वाचावेत असे असतात. त्यांनी कोणती जागा निवडली, काय मोजले, काय मोजायचे सोडून दिले, आकड्याशेजारी कोणती खूण ठेवली, यात लिहिणाऱ्याचा पिंड दिसतो. असा एक निबंध मला फार आवडतो आणि तो पुणे जिल्ह्यातल्या राहू गावच्या उसाच्या बांधावर बसून वाचण्याजोगा आहे, असे मला वाटते.

'बिग कॅट्स इन अवर बॅकयार्ड्स' हे त्याचे नाव. मार्च २०१३ मध्ये तो 'प्लॉस वन' या नियतकालिकात आला. लेखक पाच : विद्या अत्रेया, मॉर्टन ओडेन, जॉन लिनेल, जगदीश कृष्णस्वामी आणि उल्लास कारंथ. विषय थोडक्यात सांगायचा तर तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या बागायती खोऱ्यात बिबटे आणि तरस किती दाटीने राहतात, याची मोजणी. उत्तर एका ओळीत मावते. दर शंभर चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच, ५.०३ तरस. त्याच भूमीवर माणसांची दाटी मात्र एकेका चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक.

प्राणी आपल्या अधिवासात कुठे कसे विखुरलेले असतात, हा जीवशास्त्रातला जुना प्रश्न आहे आणि शेतकरीही तो रोज सोडवत असतो. पहिला वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर गोळा होतात. पुढे अळी लागते तीही सगळ्या रानाला सारखी लागत नाही, एका कडेला उसाचे ठोंब पिवळे पडत जातात. हा झाला घोळक्याने राहणारा जीव. याच्या उलट, काही जीव एकमेकांपासून अंतर राखून असतात. बिबट्याची मादी आपला इलाका धरून राहते आणि नराचा मोठा इलाका दोन-तीन माद्यांच्या इलाक्यांवर पसरलेला असतो. शिंपडल्यासारखे, कशाचाच धरबंध नसलेले विखुरणे निसर्गात त्यामानाने कमी आढळते, कारण पाणी, भक्ष्य, आडोसा आणि जातभाई यांपैकी काही ना काही प्रत्येकाला कुठेतरी खेचत किंवा ढकलत असते. म्हणून जीव कुठे आहे हे नीट कळले की तो तिथे का आहे, याचे अर्धे उत्तर हाती येते.

आता निबंधाने निवडलेली जागा बघा. वाघ-बिबट्यांच्या अभ्यासाला माणूस अभयारण्यात जातो, ही रीत. इथे प्रवरेचे खोरे घेतले आहे : ऊस, भाजीपाला, वस्त्या, गोठे, रस्ते. घनदाट जंगल नाही, हरणांचे कळप नाहीत. जंगल नसलेल्या जागी जंगली जनावराची घनता मोजायला निघणे, हीच या लेखनातली पहिली मोठी कृती आहे. कारण घनता अधिवासाची मोजतात. चुकून शिरलेल्याची, वाट चुकलेल्याची घनता कुणी काढत नाही. संशोधकांनी कॅमेरे लावले तेव्हाच त्यांनी एक शक्यता मान्य केली होती, की उसाचा हा पट्टा बिबट्याचे घर असू शकेल. पुढचे सगळे लिखाण ती शक्यता पारखून बघते. कुठेही आवाज चढत नाही आणि प्राण्याचे कौतुक तर कुठेच नाही. मला त्यांचा हा संयम मोलाचा वाटतो, कारण या विषयावर बोलताना माणसे एकतर भीतीने बोलतात, नाहीतर मायेने.

मोजणीच्या रीतीवर मात्र थोडे थांबायलाच हवे. तिच्यात खरे सौंदर्य आहे.

बिबट्या रात्री फिरतो, दबून फिरतो. सगळे बिबटे एकाच वेळी दिसणे अशक्य. मग न दिसलेले कसे मोजायचे? १८९० च्या दशकात डेन्मार्कच्या पीटरसनने माशांवर खुणा करून ते पुन्हा पाण्यात सोडले, आणि पुढच्या जाळ्यात खुणेचे किती व बिनखुणेचे किती येतात ते पाहिले. १९३० मध्ये अमेरिकेत लिंकनने बदकांच्या पायांत कड्या घालून हेच केले. समजा दहा माशांवर खूण केली, पुढच्या वेळी दहा धरले आणि त्यात पाच खुणेचे निघाले, तर पाण्यात एकूण वीसएक मासे असावेत. किती जण पुन्हा भेटतात, यावरून कधीच न भेटलेल्यांचा अदमास येतो. कारंथांनी हीच रीत नागरहोळेच्या वाघांसाठी वापरली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यात खूण करण्याची गरजच उरली नाही, कारण वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे. बिबट्याच्या अंगावरचे ठिपक्यांचे गुच्छही तसेच. डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षी मात्र निरनिराळी, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. जनावर मधून गेले की दोन्ही कुशी टिपल्या जातात आणि पुढे कधी एकच कूस दिसली तरी ओळख पटते.

इतके कळले की निबंधातली एक गोष्ट, जी वरवर वाचताना सुटते, ती उलगडते. कॅमेऱ्यांसमोरून बिबट्या आणि तरस यांच्याखेरीज बरेच जण गेले. वाघाटी गेली, रानमांजर गेले, कोल्हा, खोकड, जवादी मांजर, मुंगूस गेले. पण दाटी सांगितली ती फक्त दोघांची. तरसाच्या अंगावरचे पट्टे एकेकट्याची ओळख देतात, कोल्ह्याचा अंगरखा देत नाही. दोन फोटोंतला कोल्हा एकच की वेगवेगळा, हे सांगता येत नाही, आणि जिथे सांगता येत नाही तिथे आकडा दिलेला नाही. ते प्राणी यादीत राहतात, 'इथे आहेत' एवढ्याच हक्काने. पिल्लांनाही ४.८ मध्ये जागा नाही. हा आकडा प्रौढांचा आहे. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही तर आकडा वेगळाच बोलू लागतो.

आणि त्या आकड्याच्या शेजारची खूण : ± १.२. बातमीत ती सहसा येत नाही. माझ्या मते या ओळीतला सर्वांत प्रांजळ भाग तोच आहे. लेखक सांगताहेत की आम्ही जे पाहिले त्यावरून हा अंदाज असा बसतो, तो एवढा खाली किंवा वर सरकू शकतो. ४.८ बिबटे असे कुठेच नसतात, हे कुणालाही कळते. पण त्या दशांश चिन्हामागे कॅमेऱ्यासमोर न आलेल्या जनावरांची गणती आहे.

त्याच कॅमेऱ्यांत माणसेही आली आहेत : शेतकरी, मेंढपाळ. वाट एकच, वेळ निरनिराळी. निबंधाने त्यांचा उल्लेख वगळलेला नाही. अधिवासाचे वर्णन करताना त्यातल्या माणसांना चौकटीबाहेर ढकलण्याची सवय वन्यजीवांच्या लेखनाला बरीच वर्षे होती. इथे ती मोडली आहे. नावातला 'अवर' हा शब्दही तेच सांगतो. परसदार आपले आहे आणि आपण तिथे आहोतच.

आता हे सगळे राहूला आणून बघू.

राहू दौंड तालुक्यात. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि मधला हा सुपीक तुकडा म्हणजे राहू बेट. खाली वाळकी आणि रांजणगाव सांडस यांच्यापाशी मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमा ओलांडली की शिरूर. वर पुणे आहे, त्यामुळे पुण्याने वापरून सोडलेले पाणी नदीतून बारा महिने येत राहते. त्याचा वास येतो, त्यावर जलपर्णी दाटते, आणि त्याच पाण्यावर ऊस उभा आहे. पाटेठाणला साखर कारखाना आहे, तालुक्यात गुऱ्हाळे आहेत. काही अंतरावर, बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी राखलेला पाच चौरस किलोमीटरहून थोडा मोठा माळ. सरकारी नकाशावर अधिवास म्हणून रंगवलेली जागा ती. राहूचे रान नकाशावर शेतीच्या रंगात आहे. तरी उसाच्या पट्ट्यातून बिबट्या पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूर, दौंड असा सगळीकडे आहे. शिरूर तर जुन्नर वनविभागातच मोडते.

निबंध अकोल्याचा असला तरी त्याचा प्रश्न इथे तंतोतंत लागू पडतो, आणि इथे त्याला एक नवी धार येते. कारण राहूचा अधिवास कापला जातो. आडसाली लावण जुलै-ऑगस्टची, ती रानात दीड वर्ष उभी राहते. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू हिवाळ्यातली. तुटून गेलेल्याचा खोडवा लगेच फुटतो. म्हणजे कोणत्याही महिन्यात शिवारात कुठे पुरुषभर उंच ऊस, कुठे गुडघ्याएवढा, कुठे नुसते पाचट. दिवाळीच्या सुमाराला धुराडी पेटली की ऊसतोड टोळ्या फडात उतरतात आणि एकेक रान मोकळे होत जाते. मादीने पिल्ले उसात घातलेली असतात. तोड चालू असताना सरीत पिल्ले सापडतात, काम थांबते, वनखात्याची माणसे येतात. पिल्ले तिथेच खोक्यात ठेवून रात्री आई येऊन घेऊन जाईल अशी व्यवस्था करण्याची पद्धत जुन्नर भागात रूढ झाली आहे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या लोकांनी त्यात पुष्कळ काम केले आहे.

जंगलात झाड उभे राहते आणि जनावराचा इलाका त्याभोवती वर्षानुवर्षे टिकतो. उसात आडोसाच हलतो. आज ज्या फडात मादी आहे तो महिन्याने सपाट असणार. बिबट्या कुठे आहे या प्रश्नाचे उत्तर इथे लागवडीच्या तारखांशी, कारखान्याच्या तोडीच्या कार्यक्रमाशी बांधलेले आहे. हा विचार मला निबंध वाचताना सुचला, निबंधात तो लिहिलेला नाही. पण चांगल्या लेखनाची एक ओळख अशी की ते वाचकाला आपल्या शिवारात नेऊन उभे करते.

याच संशोधकांचे दोन धाकटे निबंध शेजारी ठेवले की चित्र भरत जाते. २०१४ मध्ये ओडेन, अत्रेया आणि सहकाऱ्यांनी जीपीएसचे पट्टे बांधलेल्या पाच बिबट्यांच्या हालचाली प्रसिद्ध केल्या, त्यातले चार महाराष्ट्रातले. तासाला सरासरी चाल रात्री ३३९ मीटर, दिवसा ६०. जिथे पकडले त्याच्या जवळच सोडलेल्या तीन बिबट्यांचे इलाके ८, ११ आणि १५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे फारच लहान. दाट वस्तीत राहणाऱ्या तिघांच्या रात्रीच्या नोंदींपैकी वीस टक्के घरापासून पंचवीस मीटरच्या आतल्या, आणि दिवसाच्या एक टक्काही नाहीत. पंचवीस मीटर म्हणजे ओट्यापासून गोठ्यापर्यंत. दिवसा तो त्याच शिवारात आहे, पण दूर आहे, निजलेला आहे. वाटणी जागेची आहेच, त्याहून अधिक ती वेळेची आहे. दाटी मोजणाऱ्या पहिल्या निबंधात हे कळायला वाव नव्हता. तिथे प्रश्न किती, एवढाच होता. इथे तोच प्रश्न घड्याळ घेऊन विचारला आहे. आणि हे वाचताना मला सारखे ते शेतकरी आठवतात ज्यांच्या पंपाची वीज रात्री येते. बिबट्या ज्या वेळेत चालतो, त्याच वेळेत त्यांना बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते. दिवसा वीज द्या, ही मागणी बिबट्याच्या संदर्भात वारंवार होते. तिला ३३९ आणि ६० या दोन आकड्यांहून बळकट पुरावा कोणता हवा?

दुसरा निबंध आहाराचा, 'ओरिक्स' या नियतकालिकातला. अकोल्याच्याच पट्ट्यात विष्ठा गोळा करून, त्यातल्या केसांवरून भक्ष्य ओळखले. ८७ टक्के आहार पाळीव प्राण्यांचा. वजनाच्या हिशेबात कुत्रे सर्वांत वर, ३९ टक्के. मांजरे १५. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी आहारात त्यांचा वाटा ११ टक्केच. भक्ष्य किती आहे यापेक्षा ते कुठे आणि कसे विखुरलेले आहे, हेच इथे निर्णायक ठरते. शेळ्या रात्री कोंडलेल्या, एका जागी, माणसाजवळ. कुत्री सुटी, प्रत्येक वस्तीवर दोन-चार, उकिरड्याभोवती. भक्ष्याचे विखुरणे आणि शिकाऱ्याचे विखुरणे एकावर एक ठेवले की नकाशा जुळतो. हरणे नसलेल्या मुलखात बिबट्याचा इलाका एवढा लहान का, याचे उत्तरही इथे मिळते. जवळच पुरेसे खायला असेल तर तो कशाला लांब फिरेल?

हे कौतुक करताना एक गोष्ट बाजूला सारता येणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. त्या घरांसमोर ४.८ चे रसग्रहण वाचून दाखवण्याची हिंमत माझ्यात नाही. लोक रस्त्यावर उतरले, ते उतरणारच होते. अशा वेळी मागणी येते ती धरून नेण्याची, आणि ती मला समजते. पण नेमक्या याच मागणीबद्दल या संशोधकांकडे जुन्नरचा अनुभव आहे. २००१ पासून तिथले बिबटे धरून लगतच्या जंगलांत सोडण्याची मोहीम झाली. त्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्यानंतरच्या काळात ते सतरावर गेले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. हे त्यांनी २०११ मध्ये 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी'त मांडले. जीपीएसवाल्या निबंधातला एक नर बावन्न किलोमीटर दूर नेऊन सोडला होता. तो सरळ रेषेत मोजले तर ८९ किलोमीटर चालला, सदतीस दिवसांत. त्याच निबंधातल्या, तशाच दूर नेलेल्या मादीने पाच महिन्यांनी बस्तान बसवले तेव्हा तिचा इलाका ६५ चौरस किलोमीटरचा होता. जागेवरच्या माद्यांच्या ११ आणि १५ शी तो ताडून बघा. रिकामी केलेली जागाही रिकामी राहत नाही. ऊस, पाणी, कुत्री आहेत तशीच असतात आणि दुसरा बिबट्या येऊन बसतो. जागेची ओळख नसलेला तो नवा प्राणी जुन्याहून बरा असेल, असे मानायला काही आधार नाही.

म्हणजे जे मेले त्यांच्यासाठी काही करू नये, असा याचा अर्थ मी काढत नाही. माणसावर हल्ला करणारे जनावर ओळखून बंदोबस्त करावाच लागतो. पण ते ओळखायचे तर ठिपक्यांची नोंद हवी. कोण कुठे राहतो याची वही हवी. ती नसेल तर पिंजऱ्यात येईल तो दोषी. या निबंधाची रीत इथे थेट कामाची आहे, आणि तिच्याकडे निव्वळ मोजदाद म्हणून बघणे मला पटत नाही.

निबंधाचा गैरवापरही सोपा आहे. अकोल्याचे ४.८ घ्यायचे, तालुक्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे आणि दौंडमध्ये इतके, शिरूरमध्ये तितके असे सांगायचे. घनता त्या खोऱ्याची, त्या हंगामाची आहे. राहू बेटात दोन नद्यांच्या मधला सलग ऊस आहे. तिथून दक्षिणेला जिरायत माळ लागतो, तिथे आडोसा तुटक आहे. बिबट्या या दोन्ही जागी सारख्या दाटीने असेल असे समजणे म्हणजे हुमणी सगळ्या रानाला सारखी लागते, असे समजण्यासारखे आहे.

राहूला असा अभ्यास करायचा झाला तर कॅमेरे उसाच्या आत लावून भागणार नाही, तोड आली की ते उघडे पडतील. ते बांधावरच्या गाडीवाटांवर, पाटाच्या कडेला, नदीकाठच्या काटवनाच्या तोंडाशी लागतील. दोन्ही नद्यांचे काठ घ्यावे लागतील आणि पलीकडचे शिरूरचेही, कारण तालुक्याची हद्द बिबट्याला नदीइतकीही अडवत नाही. मोजणी एकदा करून पुरणार नाही. एक सप्टेंबरमध्ये, सगळा ऊस उभा असताना, दुसरी मार्च-एप्रिलमध्ये, बहुतेक फड मोकळे झाल्यावर. त्याच वाटा, तेच कॅमेरे, तेवढ्याच रात्री. दोन्ही वेळी तीच जनावरे दिसतात का, ती उरलेल्या उसात दाटतात की काठाकाठाने पांगतात, आणि वस्तीच्या किती जवळ सरकतात, हे त्या दोन याद्या समोरासमोर ठेवल्यावर कळेल. पुढच्या तोडीच्या वेळी कोणत्या फडावर टोळीला आधी सांगून ठेवायचे, कोणत्या वस्तीवरची मुले शाळेत एकटी पाठवायची नाहीत, कोणत्या वाटेवर दिवा लावायचा, हे ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकाला त्या याद्यांवरून ठरवता येईल.